कॅमेरा दिसला अन् बस थांबली

बायांनो, आज सकाळचंच सांगते. लातुरात आमच्या नाक्यावर शहर बस थांबतच न्हाई. पोरींच्या मेसवर पोळ्या लाटायला मला रोज उशीर व्हतो. आता उशीर झाला तर दुसरी बाई बघीन, असं मालकीण म्हणलीय. म्हणून मीच बातमीदाराला बोलावलं.

तो कॅमेरा घेऊन उभा ऱ्हायला, तर बस बरोब्बर माझ्यापुढं थांबली! ड्रायव्हर म्हणला, "या मावशी, सावकाश चढा."

बातमीदार म्हणला, "मावशी, बस तर थांबली की. बातमी कशाची करू?"

मी म्हणलं, "उद्या कॅमेरा घरी ठेव अन् पिशवी घेऊन माझ्या जागी उभा ऱ्हा."

"उद्या बागेचं उद्घाटन हाय," म्हणला अन् गेला.

आज येळेवर पोचले. उद्या मालकिणीला काय सांगू, तुम्हीच सांगा.