नवसाची पांढरी

ताराबाई कशाकशाला भ्यायची ते विचारू नका, कशाला भीत नव्हती ते विचारा, उत्तर लवकर संपेल. मोबाइलची रिंग, बँकेतला शिपाई, पाल, अमावस्या आणि थोरली जाऊ चंद्रभागाबाई, या सगळ्यांचा तिला धसका. लग्न होऊन चकलांब्यात आली तेव्हापासून चंद्रभागाबाईनं सांगावं आणि हिनं मान हलवावी, हेच तीस वर्षं चाललं होतं. नवरा सटवा मेंढरं घेऊन आठ-आठ महिने गोदाकाठानं हिंडायचा, म्हणजे घरात तिची बाजू घ्यायलाही कुणी नाही. तिला मोकळं वाटायचं ते फक्त आपल्या आठ गावरान कोंबड्यांत. सकाळी खुराड्याची फळी काढली की त्या पायांत घोटाळायच्या, आणि ही त्यांच्याशी मोठ्यानं बोलायची, चक्क रागवायचीसुद्धा.

औंदा मात्र तिला कोंबड्यांचीच भीती बसली.

लेक सुकन्या सिरसाळ्याला दिलेली. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पाचवा महिना काही पार पडला नाही. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला खाटेवरून हलू नको म्हणून बजावलं, त्यामुळं बाळंतपणाला माहेरी आणायचीही सोय उरली नाही. लांब बसून आई काय करणार? ताराबाईनं वेशीबाहेरच्या मरीआईपुढं पदर पसरला. लेक सुखरूप सुटू दे, माझी पांढरी कोंबडी तुझ्या अंगणात सोडीन. नवसाची कोंबडी धडधाकट लागते, अधू झालेली किंवा मेलेली देवीला चालत नाही. ती चुकून पाहुण्याच्या कालवणात जाऊ नये म्हणून चंद्रभागाबाईनं रीत सांगितली, दर मंगळवारी तिच्या पाठीला कुंकू लाव. ताराबाईनं मान हलवली.

दुसऱ्या मंगळवारनंतर पांढरीच्या पाठीवरची पिसं गेलेली दिसली. पुढच्या आठवड्यात तिथं रक्त आलं. पुढाकार होता काळ्या थोराड कोंबडीचा. ताराबाई तिला पाटलीण म्हणायची, कारण दाणे टाकले की आधी ती जेवणार आणि मग बाकीच्या. पाटलिणीनं एक टोच मारली की उरलेल्या सहाजणी तयारच. पांढरी भिंतीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभी राहायची. ओरडायचीही नाही.

तिनं पांढरीला दाणे वेगळे टाकून पाहिले, पाटलिणीला काठी दाखवून पाहिली. शेवटी भीत भीत जावेला विचारलं.

"तुजंच कायतरी चुकलं आसंल," चंद्रभागाबाई म्हणाली. "देवी जनावराच्या अंगावर दावतीय. कुंकू कमी पडतंय. रोज लाव."

ताराबाई रोज लावू लागली. जखम रोज मोठी होऊ लागली. जखम वाढली की हिची भीती वाढायची, आणि भीती वाढली की कुंकवाची चिमूट. तिला पांढरीच्या पाठीत सुकन्याचं पोट दिसायला लागलं होतं.

एका सकाळी मोबाइल वाजला. "आई, पोटात लई दुखायलंय. आमी दवाखान्यात चाललोत," एवढं बोलून सुकन्यानं फोन ठेवला.

ताराबाई करंडा घेऊन तशीच अंगणात धावली. पाटलिणीनं पांढरीला खाली पाडलं होतं आणि ती उठत नव्हती. तिला उचलायला ताराबाई वाकली आणि हातातला करंडाच सुटला. कुंकू सारवणावर सांडलं, थोडं तिच्या पायावर उडालं.

पाटलिणीनं मान वाकडी करून पाहिलं. पांढरीला सोडून ती आली आणि सांडलेल्या कुंकवावर चोची मारू लागली. बाकीच्या मागोमाग आल्या. एकीनं तर ताराबाईच्या लाल अंगठ्यालाच चोच मारली, रक्त येईल अशी.

ताराबाई अंगठा धरून खाली बसली. तिच्या एकदम ध्यानात आलं. देवी कुठं रागावली होती? कोंबड्या लाल दिसेल तिथं टोचत होत्या, आणि ते लाल रोज तीच लावत होती.

पण ध्यानात येणं वेगळं आणि पुसणं वेगळं. सवाष्णीच्या हातानं कुंकू पुसायचं, तेही देवीच्या नावाचं, आणि तेही लेक दवाखान्यात असताना! काही वाईट झालं तर जन्मभर हाच हात डोळ्यांपुढं राहणार. आणि नाही पुसलं तर ही कोंबडी दुपारपर्यंत मरणार आणि नवस तुटणार. तिनं दाराकडं पाहिलं. चंद्रभागाबाई रानात गेली होती. मग तिनं लुगड्याचा पदर भिजवला आणि "आई, माफ कर, माफ कर" म्हणत पांढरीची पाठ पुसून काढली. पुसताना ती ढसाढसा रडली.

मेंढराला जखम झाली की लाल बघून कावळे तिच्यावर बसतात, म्हणून सटवा वर काळं काहीतरी फासायचा. ते आठवून तिनं तव्याखालची काजळी कडुनिंबाच्या तेलात कालवली आणि पाठीला थापली. पांढरी बांबूच्या डाल्याखाली झाकली. पाटलीण आली, डाल्याच्या फटीतून बघितलं आणि निघून गेली.

संध्याकाळी फोन आला. तो उचलायला तिला तीन रिंगा लागल्या. दुखायचं थांबलं होतं, बाळ ठीक होतं.

भीती काही गेली नाही. पुढचे तीन महिने प्रत्येक रिंगला तिचं काळीज हललं. "कुंकू लावतीस का न्हाई?" असं चंद्रभागाबाईनं विचारलं की ती मान हलवायची आणि डालं पायानं मागं सारायची. पांढरीला नवी पिसं आली. सुकन्याला मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या.

नवस फेडायला दोघी जावा मरीआईला गेल्या. अंगणात आधी सोडलेल्या पाच-सहा कोंबड्या दाणे टिपत होत्या. त्यांनी माना वर करून नवीकडं पाहिलं. चंद्रभागाबाईनं करंडा पुढं केला.

"लाव. कुंकवाबिगर कुटं नवस फिटतो व्हय?"

ताराबाईनं काखेतली पांढरी आणखी घट्ट धरली.

"न्हाई लावायचं, अक्का," ती म्हणाली. "तवाच पुसलंय म्या. सुकन्या दवाखान्यात हुती, त्याच दिशी."

चंद्रभागाबाईचा हात तसाच राहिला. ताराबाईनं पांढरीला हळूच खाली सोडलं. देवीकडं बघायचा तिला अजून धीर होत नव्हता, पण जावेकडं मात्र ती बघत राहिली. मान तिनं हलवली नाही.