बिनचेहऱ्याची जर्सी

आमच्या श्रीरामपूरच्या स्टेशनावर पाटी मात्र बेलापूरची आहे. त्या पाटीखाली आई तोंडाला पदर लावून उभी होती आणि पप्पा माझ्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. मी कोलकात्याला निघाले होते, फुटबॉल खेळायला. प्लॅटफॉर्मवर भेटलेल्या शेजारच्या काकूंना आईनं ‘नोकरी लागली’ एवढंच सांगितलं. मुलगी चेंडू खेळायला देशाच्या दुसऱ्या टोकाला चाललीय म्हटलं असतं, तर गाडी येईपर्यंत प्रश्न संपले नसते. पप्पा साखर कारखान्यात फिटर. तरुणपणी मिशनच्या मैदानावर गोलकीपर असायचे. गाडी हलली तशी खिडकीबरोबर चालत म्हणाले, “क्लब लई मोठा असंल तिकडं. पन मैदानात त्यांच्या बी अकराच जनी. घाबरायचं न्हाई, रूथ.”

त्या मिशनच्या मैदानावर माझ्याबरोबर खेळलेल्या मैत्रिणींनो, तिथंच राहिलेल्या आणि पुण्या-नाशकापासून दुबईपर्यंत पांगलेल्या, पुढचं तुम्हाला तुकड्या-तुकड्यानं फोनवर कळलंय. आज सगळं सलग सांगते.

आपल्याकडे मी ‘ती चड्डी घालून खेळणारी’ होते. कोलकात्यात मासे विकणारी बाई मला सांगायची की काल तू डावीकडे फार पुढे गेलीस, मागं जागा मोकळी राहिली. चहाच्या टपरीवर म्हातारे आमच्या संघावरून भांडायचे. मी भात-माशाला सरावले, मुरमुऱ्याला ‘मुडी’ म्हणायला लागले, कप्तानाला ‘दीदी’. कप्तान मालतीदी झाडग्रामकडच्या खेड्यातली. कमी बोलायची, पण तिच्या एका हाकेवर सगळा बचाव जागेवर यायचा.

क्लब कोणाचा, हेही लवकरच कळलं. आमचे अध्यक्ष एका मोठ्या पक्षाचे खासदार. पलीकडच्या क्लबात दुसऱ्या पक्षाचे. राज्याच्या फुटबॉल संघटनेत दोन्हीकडची माणसं, आणि दिल्लीत देशाच्या फुटबॉल महासंघाच्या खुर्चीवर कोण बसणार यावर सगळ्यांचे डोळे. वरच्या भांडणात खाली सामने थांबायचे आणि आम्ही रिकाम्या मैदानावर धावत बसायचो. बाकीच्या मुलींना याचं नवल वाटायचं. मला वाटलं नाही. कारखान्याच्या निवडणुका बघत मोठी झालेली मी. पक्षाचं नाव इथं लिहीत नाही. तुम्ही कुठलाही झेंडा डोळ्यांपुढं आणा, गोष्ट तीच राहील.

ज्या वर्षी आम्ही राज्याची स्पर्धा जिंकलो, त्याच वर्षी पावसाळा सरताच पुढच्या उन्हाळ्यातल्या लोकसभा निवडणुकीचा प्रचार सुरू झाला. मॅनेजरनं आम्हाला मैदानावरच्या क्लबच्या तंबूत, म्हणजे तिथल्या कचेरीत, बोलावलं. टेबलावर नव्या जर्सींचा गठ्ठा होता. छातीवर क्लबच्या चिन्हाच्या जागी अध्यक्षांचा हसरा चेहरा. ती घालून प्रचाराच्या ट्रकवर उभं राहायचं होतं, करंडक घेऊन.

“एक संध्याकाळ आहे,” मॅनेजर म्हणाले. “नुसता हात हलवायचा. मत कोणाला द्या, असं कोण सांगतंय?”

मालतीदीनं जर्सी उलगडली, बघितली आणि घडी घालून परत ठेवली. “मी क्लबसाठी पळते. यांच्यासाठी नाही.”

आम्ही चिखलात लोळून जिंकलेला करंडक दुसऱ्या कोणासाठी ट्रकवरून मिरवायचा, हे मला काही केल्या पटेना. मीही जर्सी खाली ठेवली. मग अजून काही जणींनी ठेवली. बाकीच्या गेल्या. त्यांची घरं त्याच मतदारसंघात होती, भाऊ तिथंच रिक्षा चालवत होते. त्यांना मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या वॉचमननं आम्हाला आत सोडलं नाही. बिचारा मान खाली घालून बोलत होता. आमचे बूट आतच राहिले.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. कारखान्याचे चेअरमन त्याच पक्षाचे. त्यांचा माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला होता. जाताना म्हणाला होता, “पोरीला जरा समजावा. तिकडनं वर फोन आलाय, वरनं आमाला.” कोलकात्यातल्या एका तंबूतला नकार दिल्लीवरून फिरून आमच्या ओट्यावर पोचला होता.

“मग पप्पा काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हनले, पोरगी मोठी हाय, तिचं ती बघंल. रूथे, कशाला गं हा ताप? हात हलवला असता तर काय बिघडलं असतं?” आई रडत होती.

गाळप सुरू झालं आणि पप्पांना वर्कशॉपमधून काढून गव्हाणीवर टाकलं. गव्हाण म्हणजे जिथं उसाच्या मोळ्या मशिनात ढकलतात ती जागा. धूळ, आवाज, घसरडं लोखंड. निवृत्तीला आलेल्या फिटरचं ते काम नव्हे.

नाताळला मी घरी गेले ते मनाशी ठरवूनच. मॅनेजरला फोन करायचा, माफी मागायची, जर्सी घालायची. जेवणाचा डबा घेऊन कारखान्यावर गेले. पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेरपर्यंत आली होती. पप्पा शेडच्या कडेला पोत्यावर बसले होते, भुवयांपर्यंत धुळीनं पांढरे झालेले. त्यांचे हात बघून माझा धीर सुटला.

“मी फोन करते पप्पा. खेळणं बी राहील आणि तुम्ही बी वर्कशॉपात जाल.”

त्यांनी भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. “तू माझ्यासाठी करनार असशील तर करू नको. सारी हयात मी हितं व्हय साहेब म्हनत काढली. कुनाच्या बी प्रचाराला गेलो, कुनाचा बी झेंडा धरला. तुजा आवाज निघाला तर मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. गव्हानीचं काय, पाडव्यापातुर पट्टा पडतोयच.”

पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं. मी फोन केला नाही.

परत गेले तेव्हा मालतीदीनं हुगळीपलीकडे एक जागा शोधून ठेवली होती. ज्यूट गिरणीच्या कामगारांचा जुना क्लब. मैदानाच्या एका कोपऱ्यात म्हशी बांधलेल्या, गोलाच्या जाळीला गाठीच गाठी. त्यांचे सेक्रेटरी म्हणाले, “आमच्याकडे मुलींचा संघ नव्हता. आता आहे.” संघटनेनं मात्र आमची नोंदणी अडवून धरली. कागद पुन्हा आणा, शिक्का चुकला, साहेब नाहीत. साहेब आमच्या जुन्या अध्यक्षांच्याच पक्षाचे, हे आम्हाला माहीत होतं. आम्ही रोज सकाळी सराव करायचो आणि दुपारी त्या कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचो. हळूहळू टपरीवरचे ते म्हातारे येऊन बसायला लागले, मग मासेवाली, मग दोन्ही मोठ्या क्लबांचे चाहते, जे एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. कोणी दगड उचलला नाही. सगळे आपापल्या क्लबांची गाणी म्हणत राहिले. एका दुपारी कारकून बाहेर आला आणि सही झालेला कागद मालतीदीच्या हातात देऊन आत निघून गेला.

खालच्या विभागात, कोऱ्या पांढऱ्या जर्सीत आम्ही उतरलो. पहिला सामना वाईट हरलो. दुसरा बरोबरीत सुटला. मी हिंदी-मराठी शिकवण्या घेऊन खोलीचं भाडं भागवलं, मालतीदी एका शाळेत खेळ शिकवायला लागली. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी आम्ही वरच्या विभागात गेलो. अध्यक्ष निवडून आले, दिल्लीत आहेत, त्यांचं काही वाकडं झालं नाही. पप्पा गव्हाणीवरूनच निवृत्त झाले. निरोपाचा नारळ द्यायला चेअरमन आले नाहीत, वर्कशॉपची पोरं आली. असं झालं सगळं.

आता तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येणार? ख्रिसमसला चर्चमध्ये म्हटलेली मराठी गाणी, कारखान्याच्या मळीचा वास, आईचा राग, यातलं काहीच सुटलेलं नाही. पण घर म्हणजे जिथल्या आठवणी येतात ती जागा, एवढंच आता मला पुरत नाही.

गेल्या महिन्यात मी माझं नाव श्रीरामपूरच्या मतदार यादीतून काढून इथं, नदीपलीकडच्या या वॉर्डात लावलं. आमच्या या गिरणीच्या मैदानावर इमारत उठवायची हालचाल सुरू आहे, आणि विरोध करायला गेले तेव्हा इथल्या नगरसेवकानं मला तोंडावर विचारलं होतं, “तू कुठली? तुझं मत कुठंय?” त्याच आठवड्यात मी फॉर्म भरला.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “म्हंजे आता तू हितली न्हाईस व्हय?”

पप्पांनी तिच्या हातातून मोबाईल घेतला. “तिचं ऐकू नको. बरं केलंस. जितं भांडायला उभं ऱ्हायचं, तितं नाव पायजे.”

मागं आईचा आवाज आला, “आन् जेवायला?”

“जेवायला हितं,” पप्पा म्हणाले.