काकांची साखर

माझ्या इंटर्नशिपच्या वर्षी मेडिसिनच्या मॅडमनी शिकवण्याची नवी पद्धत सुरू केली. नव्वदचं दशक सरत आलं होतं, कॉलेजात नुकतेच संगणक आले होते. सकाळी आम्ही दोघंदोघं मिळून सीडीवरचा पेशंट तपासायचो. प्रश्न विचारायचे, तपासण्या मागवायच्या, चुकलं की पडद्यावर लाल खूण. दुपारी वॉर्ड. आणि दर शनिवारी प्रत्येकाने नेमून दिलेल्या एका पेशंटच्या घरी जायचं. एकाच शरीरात दोन-तीन आजार राहतात तेव्हा ते एकमेकांशी कसे वागतात, हे पुस्तकातल्या वेगवेगळ्या धड्यांतून कळत नाही, असं मॅडमचं म्हणणं होतं.

मला आमच्या गुजराती शहरातल्या वाडी भागातले एक मराठी काका मिळाले. रेल्वेतून निवृत्त झालेले. जुना मधुमेह, रक्तदाब, आणि जिना चढताना छळणारे गुडघे. मीही तिथल्याच रावपुऱ्यातल्या मराठी घरातली, म्हणून ते माझ्या वाट्याला आले. काकू दारातच गुजरातीत "आव बेन, बेस" म्हणायच्या आणि पुढचं सगळं मराठीत बोलायच्या. मी बोटाला सुई टोचली की काका डोळे मिटून विचारायचे, "पास का नापास?" बहुतेक वेळा नापासच असायचे.

पाचव्या शनिवारी ते पास झाले. साखर इतकी चांगली कधीच आली नव्हती. मी म्हटलं, "काका, साखर छान आहे. असंच चालू ठेवा."

ते खूश झाले. काकू मात्र म्हणाल्या, "पण हल्ली यांना जेवण जात नाही गं. दोन घासांत पुरे म्हणतात. आणि पाय बघ कसे सुजलेत."

मी पाय दाबून पाहिले. सूज होती. खिडकीत गोळ्यांची एक पट्टी होती, आमच्या दवाखान्यातली नव्हे. काकू मांडवी भागातल्या औषधांच्या दुकानातून आणायच्या, गुडघ्यांसाठी, दिवसाला दोन. पट्टी मी हातात घेतली, नाव वाचलं आणि परत ठेवली. काहीतरी खटकलं, पण दुपारी मैत्रिणींबरोबर बाहेर जायचं ठरलं होतं. 'सोमवारी मॅडमना विचारू' असं मनाशी म्हणून मी मॅडमना द्यायच्या कागदावर लिहिलं, साखर आटोक्यात.

सोमवारी सकाळी मी वॉर्डात पोचले तेव्हा काका तिथे होते. रविवारी सकाळी ते उठलेच नव्हते. थकलेत, झोपू दे, असं काकूंना वाटलं. दुपारी त्यांनी हलवून पाहिलं तर अंग घामाने थबथबलेलं. साखर पार खाली गेली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ती वर आली, काका आले नाहीत. अकरा दिवस ते डोळे उघडे ठेवून पडून होते, कुणाला न ओळखता. मग गेले.

ती चांगली साखर औषध लागू पडल्याची नव्हतीच. मधुमेहाने थकलेल्या किडन्या गुडघ्यांच्या गोळ्यांनी आणखी खालावल्या होत्या. साखर उतरवणारी गोळी शरीराबाहेर पडेनाशी होऊन आतच साठत होती, आणि पोटात अन्न नव्हतं. अशीच केस मी त्या शनिवारच्या पंधरा दिवस आधी सीडीवर सोडवली होती. एकही लाल खूण आली नव्हती.

पुढच्या चर्चेच्या तासाला मॅडमनी मलाच उभं केलं. मी सगळं सांगितलं, खिडकीतल्या पट्टीसकट.  मॅडम म्हणाल्या, "शनिवारी मला फोन का नाही केलास?" आवाज चढला नव्हता. मग म्हणाल्या, "मीही तुमचे कागद सोमवारी वाचायचे ठरवले होते. ते मी ठरवायला नको होतं." त्यानंतर त्या शनिवारी संध्याकाळीच कागद वाचू लागल्या.

तेरावा झाल्यावर मी वाडीत गेले. काकू एकट्याच होत्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग विचारलं, "वॉर्डातले डॉक्टर गुडघ्यांच्या गोळीचं काही म्हणत होते. ती तर मीच आणून देत होते. माझ्या हातून झालं का गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. मी ती पट्टी पाहिली होती."

 "हो, तू हातात घेतली होतीस," त्या हळूच म्हणाल्या. "मग बोलली का नाहीस?"

त्यात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मैत्रिणी, दुपार, सोमवार, यातलं काहीच मला तोंडातून काढता येईना.  शेवटी त्याच म्हणाल्या, "जा आता. घरी वाट बघत असतील."

परत ये, असं त्या म्हणाल्या नाहीत. दिवाळीनंतर धीर करून गेले तेव्हा खोलीत दुसरं कुटुंब राहत होतं. काकूंना लेक जळगावला घेऊन गेली, एवढंच शेजारणीला ठाऊक होतं.