पहिल्या बाकापर्यंत न गेलेली शांती

अंधेरीच्या एका चर्चमध्ये मी झाडलोट करते. रविवारी मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, चालू असताना मागच्या दाराशी बसते. मध्येच फादर सांगतात, एकमेकांना शांती द्या. मग सगळे शेजाऱ्याकडे वळून हात जोडतात आणि "शांती असो" म्हणतात.

शेवटच्या बाकावर एक म्हातारा एकटाच बसायचा, शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावून. तेवढ्यापुरता उठून तो माझ्याकडे यायचा आणि मान वाकवून मला शांती द्यायचा. त्याचा सख्खा भाऊ पहिल्या बाकावर असायचा. वडिलांच्या घरावरून दोघांचं बोलणं तुटलेलं, हे सगळ्या गावठाणाला ठाऊक होतं.

एकदा मी म्हटलं, "मी तुमच्यातली नाही. मला कशाला देता? भाऊ तिकडे बसलाय ना?"

"तू तोंड फिरवत नाहीस, बाई. त्याने फिरवलं तर?"

"मग फिरवू दे! मरणार आहात काय त्याने?"

तो आपल्या बाकावर जाऊन बसला.

गेल्या महिन्यात भाऊ वारला. मयताच्या मिस्सेला शवपेटी पुढे ठेवली होती. शांतीची वेळ आली तसा म्हातारा उठला, पेटीकडे दोन पावलं गेला आणि माझ्याकडेच परत आला. हात जोडले, पण शब्द फुटेना.

मग मीच म्हटलं, "शांती असो."

त्याला ती माझ्याकडून नको होती.