पिवळी पडलेली पांढरी गाडी

डोळ्यांसमोर उभी असलेली गाडी कागदावर वेगळ्या रंगाची आहे, म्हणून ती गाडीच नाही, हे तुम्ही मान्य कराल का?

भंडाऱ्याच्या आमच्या कचेरीनं केलं. एका ड्रायव्हरनं केलं नाही.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. स्टीलच्या ग्लासात बोट बुडवायचं, बोनेटवर एक थेंब सोडायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं, "थेंब उभा हाय का, जी?" थेंब मोत्यासारखा उभा राहिला की काका खूश. म्हणजे मेणाचं पॉलिश पक्कं. एकदा बोलता बोलता त्यांनी मोठ्या बाबूंच्या टकलावरही थेंब सोडला. तो उभा राहिला. काका गंभीरपणे म्हणाले, "यायले बी कोणीतरी पॉलिश करून राहिलं."

गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा खुर्च्या, कपाटं, फायली, सगळ्यांची वाटणी झाली. गाडी आमच्याकडे राहिली, तिची नोंदवही गोंदियाला गेली. त्यामुळे डिझेलची मंजुरी गोंदियात आणि मेणाची भंडाऱ्यात. डिझेल कधी आलं नाही. मेणाचे डबे न चुकता आले. गाडी चिंचेजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि काका दर शनिवारी तिला मेण लावत राहिले. जुनं काढायचा आदेश नव्हता. थरावर थर चढले आणि साहेबांची पांढरी गाडी हळूहळू तुपाच्या रंगाची झाली.

मी तिथे कंत्राटी टायपिस्ट होतो आणि दर अन्यायावर एक पत्रक काढत होतो. 'न चालणाऱ्या गाडीला ड्रायव्हर कशाला?' हे पत्रक मी थेट काकांनाच वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"बरोबर लिवलं बेटा. पण ते चालत नाही, यात तिचा काय दोष?"

मी पत्रकांचा गठ्ठा कपाटात ठेवून दिला.

काकांच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. गोंदियाहून पत्र आलं: नोंदवहीतली पांढरी गाडी तपासून ताब्यात घ्यायची आहे. आमच्या सामानकोठीचे बाबू शेडमध्ये आले, गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

"काका, हे तं पिवळी हाय. पांढरी कुठं गेली?"

"हेच हाय ना जी."

"कागदावर पांढरी हाय. पांढरी दाखवा, नाही तं गाडी हरवली असं लिहा लागंल. तुमच्या नावावर."

काकांनी ग्लास खाली ठेवला. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून गाडीचा आरसासुद्धा फुटला नव्हता. आता अख्खी गाडी हरवल्याचा डाग घेऊन घरी जायचं होतं, आणि गाडी हाताच्या अंतरावर उभी होती.

"जुनं मेण काढतो," ते म्हणाले. "आत पांढरीच हाय."

लगेच सल्ले सुटले. कोणी पेट्रोल सांगितलं, कोणी पॉलिश-पेपर. कोठीच्या बाबूंनी ब्लेड सुचवलं.

"तुमची दाढी कोरड्या ब्लेडनं करा बाबूजी, मंग गाडीचं सांगा."

मी पुसायला म्हणून उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा आणला. काकांनी एक पत्रक बोटांत चोळून पाहिलं आणि परत दिलं. "कागदानं रेघा पडतात, बेटा. रंग नाजूक रायते."

चार दिवस लागले. ऊन शेडमधून सरून गाडीचा पत्रा निवल्याशिवाय ते हात लावत नसत. आधी भरपूर पाण्यानं धूळ वाहून न्यायची, कारण धुळीसकट घासलं की ओरखडा. मग भांडी घासायचा पातळ साबण. त्यानंतर अर्धं स्पिरिट, अर्धं पाणी. तेही आधी मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात लावून, रंग सुटत नाही ना हे पाहून. काकूंच्या जुन्या, मऊ झालेल्या सुती लुगड्याचे तुकडे होते. एका वेळी हातभर जागा, हलका हात, आणि तुकडा मळला की दुसरा. रबराच्या पट्ट्यांना थेंबही लागू द्यायचा नाही. शेवटी पुन्हा स्वच्छ पाणी.

चौथ्या दिवशी त्यांनी बोनेटवर थेंब सोडला. तो उभा राहिला नाही. पसरला. वर्षानुवर्षं उभ्या थेंबावर जगलेला माणूस त्या पसरलेल्या पाण्याकडे क्षणभर बघू शकला नाही. मग म्हणाले, "निघालं." गाडी बगळ्यासारखी पांढरी होती.

गोंदियाचे दोन साहेब आले. त्यांनी नोंदवही उघडली.

"गाडी छान आहे. पण आमची पिवळी आहे."

कोठीचे बाबू खाली पाहू लागले. काकांची अडचण दूर व्हावी म्हणून त्यांनी आठवड्यापूर्वी गोंदियाला गुपचूप पत्र पाठवलं होतं: रंग 'पिवळा' असा दुरुस्त करावा. आणि त्या कचेरीनं जन्मात पहिल्यांदा कुठल्या पत्रावर तीन दिवसांत कारवाई केली होती.

"काका, मेण परत लावून टाका," बाबू कुजबुजले.

"कायले? पिवळी व्हाले वर्सं लागतात, बाबूजी. अन् हे पांढरीच हाय." काकांनी बोट बुडवलं, साहेबांसमोर थेंब सोडला. "पाहा जी. पसरला. आता हिच्यावर खोटं काईच नाही."

दोन्ही साहेबांनी वाकून तो थेंब पाहिला. मग त्यांनी अहवालात लिहिलं: 'पाणी पसरले. गाडी आढळली नाही.'

काका निवृत्त होऊन आपल्या गावी, नाकाडोंगरीला गेले. पण दर महिन्याला एका शनिवारी एसटीनं यायचे, पिशवीतून ग्लास काढायचे, थेंब सोडायचे, "पसरला" म्हणायचे आणि परतीची एसटी धरायचे. यंदा धानाच्या कापणीत ते आले नाहीत. ते गेल्याचा निरोप आला. कधीही नसलेली एक पिवळी गाडी आजही त्यांच्या नावावर हरवलेली आहे.

म्हणून भंडाऱ्याला आलात तर शेडमध्ये जा. बोट ओलं करून बोनेटवर एक थेंब सोडा आणि स्वतः पाहा. मग साध्या कागदावर लिहा, 'गाडी पांढरी आहे.' खाली सही करा, आवक खिडकीत द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

फक्त तो कागद गाडीवर ठेवून लिहू नका. रेघा पडतात.