साडीगार्ड

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरचा तो मेकॅनिक माझ्या डोक्यात जातो. रेसच्या गाडीसारखी दिसणारी पहिलीवहिली छोटी बाइक घेऊन पोरं थेट त्याच्याकडे येतात. हा शीळ घालत मागच्या चाकाजवळचं साडीगार्ड खोलतो आणि कोपऱ्यातल्या ढिगात फेकतो. "रेसच्या गाडीवर साडी कोण बसवतं रे?" म्हणतो आणि स्वतःच हसतो.

त्यानेच उघड्या केलेल्या चाकात, भाच्याच्या मागे बसलेल्या माझ्या बहिणीची ओढणी अडकली. जीव वाचला, हात मोडला. जाब विचारला, तर म्हणाला, "कस्टमरला लुक पाहिजे, काका."

काल त्याने स्वतःच्या मुलीसाठी तसलीच सेकंडहँड बाइक आणलेली. ढिगातलं धडकं साडीगार्ड शोधून त्या बाइकला बसवत होता.

मी म्हटलं, "लुक जाईल ना."

त्याने वर न बघता नट आणखी आवळला.