मागच्या दाराच्या गोदाक्का

म्हैसूरला बदली होऊन आठवडाही झाला नव्हता. जयलक्ष्मीपुरमच्या दारूच्या दुकानात बिअर मागताना मी पुण्याहून जपून आणलेला मद्यसेवनाचा परवाना अदबीने काउंटरवर ठेवला. दुकानदार त्याकडे लग्नपत्रिका पाहावी तसा पाहत राहिला.

“खिशात ठेवा, पुणेकर. इथं परवाना विकणाऱ्याला लागतो, पिणाऱ्याला नाही,” मागून मराठीत आवाज आला. हातात अवरेकाळूच्या शेंगांची पिशवी घेतलेल्या सत्तरीच्या बाई. त्या मालकाला दटावायला आल्या होत्या: दुसरं दुकान मुलींच्या शाळेच्या मागे काढायचं नाही.

या आमच्या समोरच्या गोदाक्का. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरकर, वाक्य मराठीत निघायचं, कन्नडमध्ये पोचायचं. त्याच शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. शाळेपासून दारूच्या दुकानाचं अंतर मोजायचं ते पुढच्या फाटकापासून, आणि तसं मोजलं की मालकाची जागा नियमात बसत होती. मुली मात्र सगळ्या मागच्या दाराने येत. बसथांबाच तिकडे.

तेवढ्यात सरकारने दारूविक्रीचे जुने नियम बदलायला काढले, लोकांच्या सूचना मागवल्या. गोदाक्कांनी मला सोबत म्हणून बेंगळुरूला नेलं. सोबत म्हणजे पिशवी धरायला. तिथल्या अबकारी खात्याच्या साहेबांनी महसुलाची अडचण सांगितली. अक्कांनी ती वर्गातल्या गैरहजेरीच्या सबबीसारखी ऐकून घेतली.

“नोडी साहेब, मी दारूबंदी मागत नाही. हे आमचे पुणेकरही घेतात. पिणाऱ्यानं प्यावं. तुम्ही फक्त मुली जिथून येतात तिथून मोजा.”

मी छताकडे पाहत होतो. नियमाचं पुढे बघू म्हणत साहेबांनी या एका जागेची मोजणी मागच्या दारापासून करायचं कबूल केलं. परतताना मी अभिनंदन केलं, तर म्हणाल्या, “मोजू दे आधी, आमेले पेढे.”

मोजणीच्या चार दिवस आधी गोदाक्का झोपेतच गेल्या. दुकानाच्या मालकानेही येऊन हार घातला, आणि जाताना मोजणी आता पुढच्या फाटकापासूनच होईल, असं सहज सांगून गेला.

घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, आता साहेबांशी बोलणार कोण? मला तर कन्नडमध्ये दूधही धड मागता येत नाही.

“मोजणीच्या दिवशी रजा टाका,” अक्कांकडून एव्हाना कन्नड शिकलेली ती म्हणाली. “मागच्या दाराशी टेप धरून उभे राहा आणि सोडू नका. बोलायचं काम माझ्याकडे.”